ज्याचा पुकारा झाला नाही

पप्पांना सिनेमा दाखवायचा म्हणजे शेजारी बसून मला सतत तोंड चालवावं लागतं, कारण त्यांना इंग्रजी कळत नाही. त्या रविवारी दुपारी टाकानिनीत, परदेशातल्या आमच्या ह्या उपनगरात, पाऊस हटायला तयार नव्हता, म्हणून मी एक फ्रेंच थ्रिलर लावला आणि खाली पळणारी इंग्रजी अक्षरं मराठीत सांगत बसले. एक निवृत्त पोलीस अधिकारी आणि त्याची माणसं कोर्टातून सुटलेल्या गुन्हेगारांना गुपचूप उचलून संपवतात. निवडणूक तोंडावर, त्यामुळे मंत्र्याचाही आतून आशीर्वाद. तिसरा माणूस कालव्यात पडला तेव्हा मी चक्क टाळी वाजवली. "बरं झालं मेला!"

"थांबव जरा," पप्पा म्हणाले. मला वाटलं, बाथरूमला जायचं असेल.

"ह्याचा पुकारा कुठं झाला?"

पप्पा जिल्हा कोर्टात बत्तीस वर्षं पट्टेवाले होते. दारात उभं राहून पक्षकाराच्या नावाचा पुकारा करायचा, तोही तीनदा. समोरचा कितीही नालायक असो, त्याच्या नावाची हाक व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेलीच पाहिजे, असा त्यांचा कटाक्ष. शाळेत मला ह्या नोकरीची लाज वाटायची. मैत्रिणींना मी "पप्पा कोर्टात असतात" एवढंच सांगायचे, म्हणजे त्यांना ते वकील वाटावेत.

"पप्पा, सिनेमा आहे हो. आणि तो खुनीच होता."

"असेल. पण त्याला विचारलं कोणी? तुझ्या आजोबांना गावानं चोर ठरवलं, तेव्हाही सगळ्यांना पक्कं माहीत होतं."

मी रिमोट हातात धरून बसले. पुढे काय होतं ते बघायची इच्छाच मेली. महिन्यापूर्वी मी एक गोष्ट केली होती आणि ती पप्पांना माहीत नव्हती.

आमच्या गल्लीतली घरं सगळी एका साच्यातली, करडी गॅरेजं, चिमूटभर हिरवळ. दारातून पार्सलं चोरीला जात होती आणि गल्लीच्या ग्रुपवर रोज आग पाखडणं चालू होतं. माझी दोन गेली होती. मग एका दुपारी दारावरच्या कॅमेऱ्यात हुडी घातलेला एक आडदांड माणूस आमच्या पायरीवरून खोका उचलताना दिसला. रंगाने तो आमच्याहून फार वेगळा नव्हता, पण तेव्हा मला ते सुचलं नाही. मी त्याचा फोटो ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "हाच तो चोर."

काय शूर वाटलं मला! फोटो संध्याकाळपर्यंत इतर ग्रुपांवर पोचला. वाटेत माझं नाव गळालं, चोर हा शब्द तेवढा राहिला. तो आमच्याच रस्त्यावर, आठ ए मध्ये राहायचा आणि लोकांची लॉन कापायचा. दोन दिवसांनी कोणीतरी त्याच्या व्हॅनची काच फोडली. मग गिऱ्हाइकांनी एकेक करून त्याला येऊ नको म्हणून कळवलं.

पुढच्या आठवड्यात मला कुरिअरवाल्यांचा मेल आला. आठ ए चं पार्सल चुकून आमच्या आठ नंबरच्या दारात ठेवलं गेलं होतं, क्षमस्व. खोका त्याचाच होता. मी कॅमेऱ्यातलं चित्रण पुन्हा पाहिलं. खोका उचलण्याआधी त्याने दोनदा बेल वाजवली होती, काचेतून आत डोकावून वाट पाहिली होती. ते सगळं मी पहिल्या दिवशीच पाहिलं होतं आणि सोडून दिलं होतं. मी पोस्ट गुपचूप पुसली. माफीचा एक शब्द लिहिला नाही.

आता हे सगळं मी पप्पांना सांगितलं. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी बूट घातले, स्वेटर चढवला. "चल. त्याच्या दारात जाऊन सांग, मी केलं म्हणून. मी येतो बरोबर."

त्याचं गॅरेज उघडं होतं आणि तो खोक्यांना टेप लावत होता. पप्पांना बघून त्याचा चेहरा खुलला. सकाळच्या फेरीत दोघांचा हात हलवण्यापुरता दोस्ताना होता, हे मला आत्ता कळलं. "किआ ओरा, अंकल!" असा इथल्या पद्धतीचा नमस्कार करत त्याने पप्पांना खुर्ची दिली. मग मला सांगितलं, बहिणीकडे चाललोय, साउथ आयलंडला. इथे आता काम मिळत नाही.

"वीस घरं आहेत ह्या रस्त्यावर," तो म्हणाला, "भेटायला फक्त तुम्ही आलात. यू आर गुड पीपल." आणि त्याने माझा हात त्याच्या दोन्ही हातांत धरला.

मी तोंड उघडलं. "जे झालं त्याचं फार वाईट वाटतं," एवढंच इंग्रजीत बाहेर पडलं. कोणीही म्हणेल तेवढंच. "स्वीट अ‍ॅज," तो म्हणाला, म्हणजे काही हरकत नाही. पप्पा खुर्चीतून आमच्या हातांकडे बघत होते.

परतताना त्यांनी विचारलं, "सांगितलंस?"

"हो."

"मग? काय म्हणाला?"

"माफ केलं म्हणाला."

पप्पा थांबले. त्यांनी चष्मा काढून पुसला, तोही पावसात, आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. घरी आल्या आल्या त्यांनी पुण्याला आईला फोन लावला. "पोरीनं दारात जाऊन कबूल केलं," ते तिला सांगत होते, "माझी मान ताठ केली तिनं." मग त्यांनी फोन माझ्याकडे दिला, आणि मी आईकडून सगळं कौतुक शेवटपर्यंत ऐकून घेतलं.