कोकिळाच्या नावावर

मंजुळाबाईला मी कितीतरी वर्षं कोकिळाबाई म्हणत आले. सगळं गावच म्हणायचं. शेगावपासून आत, खारपाणपट्ट्यात आमचं गाव. मी इथल्या अंगणवाडीची सेविका आणि तिचं घर अंगणवाडीला लागून, भिंतीला भिंत. इतका जवळचा शेजार, पण तिचं खरं नाव मला कळलं ते एका दिवाळीला तिचा भाऊ न्यायला आला तेव्हा. दारातूनच त्यानं हाक मारली, "मंजुळे, झालं का वं?" मी इकडेतिकडे पाहायला लागले, ही मंजुळा कोण म्हणून. तर ही पिशवी घेऊन बाहेर आली.

मग तिनं सांगितलं. कडूबा हिंगणेची पहिली बायको कोकिळा. बाळंतपणाला माहेरी, तिकडे साखरखेर्ड्याला गेली आणि तिथंच गेली. पोरगा वाचला, तो भागवत. वर्षभरानं कडूबानं मंजुळाशी दुसरं लग्न केलं. दुसरेपणावर आलेल्या बाईच्या गळ्यात मेलेल्या सवतीचा चांदीचा टाक बांधतात, तिचा कोप होऊ नये म्हणून. ते आमच्याकडे सगळेच करतात. पण कडूबाची आई केसरबाई एक पाऊल पुढची. तिनं टाकाबरोबर नावही गळ्यात बांधलं. "पोराले दोन माया नोको. आजपासून तू कोकिळा," म्हणाली. अठरा वर्षांची पोर. तिनं मान हलवली. दुसरं काय करणार होती?

गावानं तर काय, तोंडात मिठाची गुळणी धरली. पुढं मतदारांचे फोटो काढायला शाळेत माणसं आली. एक जण यादी वाचत होता, दुसरा कॅमेऱ्यामागे. कोकिळाच्या मरणाची नोंद साखरखेर्ड्याला झालेली, इकडे कोणी कळवलंच नव्हतं, त्यामुळे यादीत ती जिवंतच. "कोकिळा कडूबा हिंगणे!" असा पुकारा झाला आणि केसरबाईनं सुनेला कोपरानं ढकललं. मंजुळा जाऊन खुर्चीवर बसली. नाव मेलेलीचं, तोंड जितीचं, असं कार्ड सरकारनं स्वतःच्या हातानं करून दिलं. मग त्या कार्डावरून रेशन कार्ड झालं आणि पुढं करिष्मा झाली तेव्हा तिच्या जन्माच्या नोंदीत आईचं नाव लागलं कोकिळा.

प्रत्येक निवडणुकीला ती नेमानं जायची. एकदा केंद्रावरून परत येताना बोट दाखवून मला म्हणाली, "शाई माह्या बोटाले लागते बाई, पण मत तिचं पडते." आणि हसली. मला काही हसू आलं नाही. मला राग आला होता. केसरबाईचा, कडूबाचा आणि थोडा हिचाही. इतकं गरीब माणसानं असू नये.

आधार कार्डाची शिबिरं आली तोवर केसरबाई वारली होती. सरपंचाच्या पत्रावर काम भागत होतं. संगणकावरच्या मुलानं विचारलं, नाव काय? आणि ती बोलून गेली, मंजुळा. कडूबा घरी येऊन खूप तणतणला. मी तिला विचारलं, बाई, इतकी वर्षं गप्प राहिलीस, मग आताच कसं सुचलं? म्हणाली, "मतदानवाल्यानं नाव वाचून दाखवलं होतं. यानं इचारलं. मले नाव कोणी इचारलंच नव्हतं बाई, लगन झाल्यापासून."

तेव्हापासून तिच्याकडे दोन कार्डं झाली. फोटो एकाच बाईचे, नावं दोन. गॅसवाल्याकडे जा, बँकेत जा, "नाव जुळत नाही" हे ऐकून ती परत यायची. जाऊ द्या, म्हणायची. काही कामं कोणाच्या ओळखीनं व्हायची, काही राहून जायची. कडूबा गेला, भागवत कर्ता झाला. चांगला निघाला पोरगा. गावात असं काही लपत नसतं, त्यालाही लहानपणीच कळलं होतं की आपली आई दुसरीच. पण त्यानं हिला माय म्हणणं कधी सोडलं नाही, हे त्याचं मोठेपण मी कुठंही सांगेन.

करिष्मा माझ्याच अंगणवाडीतली. अंगणवाडीत असतानाही मला खिचडीत मीठ कमी आहे म्हणून सांगणारी. मोठी झाली तशी पोलीस भरतीच्या मागे लागली. पहाटे डांबरी रस्त्यावर धावायची, दोन-तीन पोरी तिच्या मागे धापा टाकत. एक दिवस तिच्या पायात बूट शिरेना. पाय सुजले होते. जास्त धावल्यानं असेल म्हणून तेल चोळलं. मग तोंड सुजलं. तपासण्या झाल्या तेव्हा दोन्ही किडन्या कामातून गेलेल्या. आमच्या भागात हे नवं नाही. खाऱ्या पाण्यानं किती घरं बसवली. पण चोविसाव्या वर्षी, तेही पळणाऱ्या पोरीला व्हावं, हे माझ्या अजून पचनी पडत नाही.

खामगावला डायलिसिस सुरू झालं. डॉक्टरांनी सांगितलं, किडनी बदलली तर पोरगी उभी राहील, वय आहे. नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात घरच्यांचं रक्त तपासलं. भागवतचं जुळलं नाही, मंजुळाबाईचं जुळलं. त्या दिवशी ती बसमधून उतरली ती धावतच माझ्याकडे आली. एवढं आनंदलेलं तिचं तोंड मी कधी पाहिलं नव्हतं. "जुळलं बाई! माह्यं जुळलं!"

रक्त जुळलं, कागद जुळेनात.

किडनी विकण्याचे धंदे होतात, म्हणून देणारा नात्यातला आहे की नाही हे एक समिती तपासते. समितीच्या कामाला बसलेल्या बाईनं सगळे कागद टेबलावर मांडले. आधारवर मंजुळा. मतदान कार्डावर कोकिळा. पोरीच्या जन्मदाखल्यावर आई कोकिळा. "तुम्ही नक्की कोण?" तिनं विचारलं. सोबत मी आणि भागवत होतो. मंजुळाबाईनं माझ्याकडे पाहिलं आणि खाली मान घातली. बाई म्हणाली, आधी नावाचं काय ते निस्तरून या.

परतीच्या प्रवासात मी तिला सरळ सांगितलं, खरं काय ते लिहून दे. कोकिळा मेली, मी मंजुळा, पोरगी माझ्या पोटची. ती रडायला लागली. "कोकिळा मेली म्हणून लिहून देलं त मी भागवतची कोण? करिष्माची तरी कोण? मंजुळाले कागदावर लेकरूच नाही बाई. दोन्ही लेकरं कोकिळाचे हायेत." भागवत पुढच्या सीटवरून वळला. "माय, कागद गेला खड्ड्यात. तू मही मायच हायेस." ती ऐकेना. आणि खरं सांगायचं तर तिचं म्हणणं खोटं नव्हतं. एक नाव खोडलं की तिचा सगळा संसारच खोडला जात होता.

मग भागवतला तहसीलसमोरच्या टायपिंगवाल्यानं सोपी वाट दाखवली. मंजुळा ऊर्फ कोकिळा, एकच व्यक्ती, असं प्रतिज्ञापत्र. असली शेकडो करतो, म्हणाला, डोळे मिटून सही करा. त्यात मेलेलीचं नाव काढायची गरज नव्हती, म्हणून मंजुळाबाईलाही पटलं. लग्नाचा पुरावा पाहिजे होता. केसरबाईच्या पेटीत एक लग्नपत्रिका होती, चि. कडूबा आणि चि. सौ. कां. कोकिळा. दुसरेपणाच्या लग्नाची पत्रिका कोण छापतं? हीच जोडली.

नागपूरला कागद पोचले आणि पडताळणीसाठी पोलिसांकडे आले. पत्रिकेवर कोकिळाच्या बापाचं नाव, गाव साखरखेर्डा. पोलिसानं तिकडे फोन लावला. कोकिळाचा भाऊ देवानंद, सरळ माणूस. त्याला ना किडनीचं ठाऊक, ना समितीचं. तो म्हणाला, "माझी बहीण तर भागवतच्या वेळीच वारली साहेब. दाखला आहे ना आमच्याकडे." आणि दाखल्याचा फोटोही पाठवून दिला. त्याला वाटलं, सरकारी कामात मदत केली. त्याला मी दोष देत नाही. कोणाला द्यावा तेच मला समजत नाही, म्हणून सगळ्यांनाच देत बसते.

पुन्हा नागपूरहून बोलावणं आलं. या वेळी तीन माणसं टेबलापलीकडे होती. त्यातला एक म्हणाला, "करिष्माचा जन्म झाला तेव्हा कोकिळाबाईंना जाऊन पाच वर्षं झाली होती. तुम्ही मेलेल्या बाईच्या नावानं सही केली आहे." मंजुळाबाई हात जोडून उभी. मग त्यानं आवाज खाली आणून, अगदी समजावणीच्या सुरात विचारलं, "मावशी, घाबरू नका. किती देतो म्हणाले तुम्हाला हे लोक?"

तिला आधी प्रश्नच कळला नाही. कळला तेव्हा तिनं जोडलेले हात खाली सोडले. आईला विचारतात, पोरीला जीव द्यायचे किती घेतलेस! मी त्या माणसाला बोलू नये ते बोलले. भागवतनं मला धरून बाहेर आणलं. मी दारातूनच म्हटलं, रक्त तपासा की, रक्त काय नाव बघून जुळतं? ते म्हणाले, तपासू, पण त्याला रीतसर आदेश लागतो, डीएनए लागतो, त्याची प्रयोगशाळा वेगळी, तिथं रांग आहे. आणि जन्मदाखला दुरुस्त करून आणा, मतदार यादीतून मयताचं नाव काढून आणा, आणि आता खरं प्रतिज्ञापत्र आणा.

भागवतनं उंबरे झिजवायला सुरुवात केली. जन्मदाखल्यात आईचं नाव बदलायचं तर आधी आईचा पुरावा पाहिजे. पुराव्याला जन्मदाखला पाहिजे. एका खिडकीवरचा माणूस दुसरीकडे पाठवायचा आणि दुसरीकडचा पुन्हा पहिलीकडे. फक्त एक काम झटपट झालं. कोकिळा मयत आहे हे कळल्यावर यादीतून नाव कमी झालं. त्याला कोणी काही अडचण आणली नाही.

हे ऐकून करिष्मा डायलिसिसच्या खाटेवरून म्हणाली, "माय, आता तू कागदावर मेलीस. मेलेल्या माणसाची किडनी त लवकर देता येते म्हणतात." नर्ससुद्धा हसली. मंजुळाबाईनं पोरीच्या तोंडावर हात ठेवला. मी बाहेर जाऊन रडून आले. पोरगी शेवटपर्यंत अशीच होती. केस गळाले, हाताच्या शिरा दोरीसारख्या फुगल्या, पण जिभेची धार गेली नाही. फक्त एकदा, आई पाणी आणायला गेली असताना, मला म्हणाली, "म्याडम, मायले सांगजा, तिनं उशीर नाही केला. तिले तसंच वाटून राह्यलं."

मी सांगितलं. मंजुळाबाईनं ऐकून घेतलं, पण ते तिच्यापर्यंत पोचलं असं मला वाटत नाही.

डीएनएसाठी दोघींचं रक्त घेतलं. ते गेलं तिकडेच. इकडे करिष्माच्या मानेत डायलिसिससाठी घातलेल्या नळीला जंतू लागले, ताप चढला, मग छातीत पाणी झालं. डॉक्टरांनी नंतर नंतर किडनीचं नावच काढलं नाही. तिला घरी यायचं होतं. भागवत घेऊन आला. अंगणवाडीतली पोरं खिचडी खाऊन पांगली होती, मी भांडी आवरत होते, आणि भिंतीपलीकडून मंजुळाबाईची हाक आली. मला नव्हे, पोरीला. दोनदा मारली. तिसरी हाक आली नाही, तेव्हा मी समजले.

रक्ताचा तो अहवाल कधी आला, आला की नाही, मला माहीत नाही. विचारायला कोणी गेलं नाही.

तेराव्यानंतर भागवत मृत्यूची नोंद करायला ग्रामपंचायतीत निघाला. मंजुळाबाई म्हणाली, मी येते. ती जाते म्हणून मीही गेले. ग्रामसेवक नवीन, तरुण मुलगा, तोंडात दुःखाचे चार शब्द होते, तेवढंही कोण बोलतं. त्यानं मयताचं नाव लिहिलं, वय लिहिलं, बापाचं नाव लिहिलं. मग विचारलं, "आईचं नाव?"

भागवतनं तोंड उघडलं. कोणतं नाव सांगावं याची त्याला भीती वाटली असणार, कारण तो माझ्याकडे पाहायला लागला. मंजुळाबाई मागे भिंतीला टेकून बसली होती. तिथूनच म्हणाली, "मंजुळा. मंजुळा कडूबा हिंगणे."

ग्रामसेवकानं लिहिलं. मला वाटलं, आता हा कार्ड मागेल, दाखला मागेल, मतदान कार्डावर काय आहे विचारेल. त्यानं काही मागितलं नाही. बटण दाबलं, कागद बाहेर आला, त्यानं शिक्का मारला, सही केली आणि दोन्ही हातांनी तिला दिला.

पायऱ्यांवर तिनं मला तो वाचायला लावला. मी वाचला. मृताचे नाव करिष्मा कडूबा हिंगणे, आईचे नाव मंजुळा कडूबा हिंगणे. करिष्माची आई मंजुळा असं सांगणारा सरकारचा हा पहिलाच कागद. तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही.

"हा कागद चालला असता ना बाई त्याइले, नागपूरले?"

"हाव," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

"मंग हा मले आधी काऊन नाही देला कोणी?"

भागवतनं कागद तिच्या हातातून सोडवून घेतला आणि आम्ही घरी आलो.