गवंड्याने रचलेला पाव

सारी गल्ली त्याला ओळंबा म्हणायची. गवंडी दोरीला लोखंडी वजन बांधून भिंत सरळ आहे की नाही ते बघतात ना, तोच ओळंबा. हा माणूस चाळीस वर्षं ते वजन खिशात घालून हिंडला आणि जाईल तिथे काढून टांगत राहिला. शेजाऱ्याकडे चहाला गेला तर कप हातात घ्यायच्या आधी त्याची नजर दाराच्या चौकटीवर. एकदा बायकोबरोबर फोटो काढायला स्टुडिओत गेला, तर मागचा रंगवलेला बगीचा एका अंगाला कललाय म्हणून फोटोवाल्याला शिडीवर चढवून खिळा बदलायला लावला. फोटो हातात आला तेव्हा बगीचा सरळ होता, बायको सरळ होती, आणि ओळंबा तेवढा मान तिरकी करून बगीचा बघत होता.

अशा माणसाने एके दिवशी जेवताना जाहीर केलं की शनिवारी तो पाव भाजणार आहे.

सूनबाईच्या हातातला घास हातातच राहिला. "बाबा, आपला गॅस कुठल्या बाजूला फिरवला की पेटतो, सांगा बरं."

"चाळीस वर्षं माल कालवलाय मी," ओळंबा म्हणाला. "वाळू, सिमेंट, चुना. पीठ म्हणजे काय, पांढरा माल."

बायको तेव्हा कामावर होती म्हणून हे बोलणं होऊ शकलं. ती मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला होती, एकतीस वर्षं. तिथल्या मुली तिला मावशी म्हणत, म्हणून गल्लीही म्हणे. रोज सकाळी दीडशे मुलींचा पाव ती सुरीने कापायची. उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर सुरीच्या पाठीने घट्टा पडला होता, वाटाण्याएवढा. शनिवारी ती निवृत्त होणार होती आणि संध्याकाळी घरी अठरा माणसांची पार्टी ठरली होती.

आता मावशीची गंमत अशी, की समारंभ कुणाचाही असो, ती स्वयंपाकघरात. मुलाच्या लग्नाच्या फोटोंत ती कुठेच नाही. एका फोटोत दारामागून एक हात आलेला दिसतो, हातात पातेलं. तो हात म्हणजे मावशी. ओळंब्याने तो फोटो परवा पुन्हा बघितला. मनाशी त्याने एकच गोष्ट पक्की केली: शनिवारी बायको खुर्चीवरून उठता कामा नये. स्वयंपाकघराचा उंबरा तिने ओलांडला की आपण हरलो.

आणि पावच का, तर मावशीने मागे वसतिगृहातल्या एका मुलीच्या लग्नात तो खाल्ला होता. लहान लहान गोळे एकमेकांवर रचून भाजलेला, लसूण-मिरचीचा, लोण्याने निथळणारा गोल पाव. कापायचा नाही, ज्याने त्याने हाताने एक एक गोळा तोडून घ्यायचा. तीन दिवस ती तेच सांगत होती. "अहो, सुरीच नव्हती टेबलावर," म्हणायची. "शोधून शोधून थकले."

घरात ओव्हन नव्हता. पण गल्लीच्या टोकाला बेकरी होती, आणि तिची भट्टी वीस वर्षांपूर्वी खुद्द ओळंब्याने बांधलेली. त्या भट्टीचीही एक कथा आहे. तोंडावरची कमान दोन बोटं एका बाजूला गेली, तर या गृहस्थाने ती पाडली. पुन्हा बांधली, अर्धं बोट गेली, पुन्हा पाडली. आठवडाभर गल्लीला पाव नाही. "अरे, पावाला डोळे असतात का रे?" असं म्हणत भट्टीवाला कपाळाला हात लावून बसला होता. पण ऐकेल तो ओळंबा कसला.

शनिवारी बाराच्या ठोक्याला ओळंबा बेकरीत हजर. धुतलेला सदरा, खिशात ओळंबा, हातात पिशवी. सूनबाईने सगळं बांधून दिलं होतं: मैदा, यीस्ट, लोणी, लसूण, हिरव्या मिरच्या, कोथिंबीर, चीज. मावशीला पाच वाजता कामावरून आणायचं आणि लांबच्या रस्त्याने आणायचं, हे काम सूनबाईकडे.

भट्टीवाल्याने कृती सांगितली ती उभ्याउभ्याच. "मळ. फुगू दे. गोळे कर. वितळलेल्या लोण्यात लसूण, मिरची, कोथिंबीर घाल, त्यात एकेक गोळा बुडव, साच्यात रच, भाज. एवढंच. आणि दुप्पट मळ."

"दुप्पट कशाला?"

"घोडामैदान जवळच आहे," भट्टीवाला म्हणाला आणि आपल्या ट्रेकडे वळला.

मळण्यात मात्र ओळंब्याने नाव काढलं. कोमट दुधात यीस्ट आणि साखर, मैद्यात मीठ, मधोमध आळं करून त्यात दूध ओतायचं आणि कडेकडेने आत ओढायचं. हे तर तो चाळीस वर्षं करत आला होता, फक्त फावड्याने. तळहाताच्या बुडाने रेटून त्याने गोळा असा मऊ केला की भट्टीवाल्याने बोट खुपसून बघितलं आणि मान डोलावली. ओल्या फडक्याखाली गोळा ठेवला आणि मग ओळंब्याला काही सुचेना. दर पाच मिनिटांनी फडकं वर.

"फुगला रे," तो कुजबुजला. "बघ, बघ, आणखी फुगला. माझा माल जन्मात कधी फुगला नाही. हा जिवंत आहे."

"सारखं उघडून बघशील तर मरेल," भट्टीवाला म्हणाला.

दीड वाजता गोळा दुप्पट झाला. निम्मा त्याने फडक्याखाली ठेवला, निम्म्याचे लिंबाएवढे गोळे केले. सगळे एका मापाचे. पहिला थर साच्यात लावला तो पट्टी लावून काढलेल्या रेषेसारखा. दुसरा थर पहिल्याच्या सांध्यांवर, विटांवर वीट चढवतात तसा. इथपर्यंत ठीक होतं. मग लोण्याची वाटी समोर आली आणि ओळंबा थबकला.

हा जेव्हा शिकाऊ होता ना, तेव्हा त्याच्या उस्तादाने एक नियम त्याच्या डोक्यात थापीने ठोकून बसवला होता: सांध्यात तेलकट हात जाता कामा नये. तेल लागलं की माल धरत नाही आणि भिंत सुटते. आणि इथे तर भट्टीवाला प्रत्येक गोळा लोण्यात बुडवायला सांगत होता. ओळंब्याला वाटलं, बिचारा बेकरीवाला, त्याला बांधकामातलं काय कळतं? असा तुपट पाव टेबलावर ठेवता ठेवता ढासळेल, मावशी उठेल, "थांबा, मी सावरते," म्हणेल आणि तशीच आत जाईल.

त्याने गुपचूप थर काढून ठेवले. मैद्यात पाणी घालून पातळ लगदा केला. गोळे पुन्हा कोरडेच रचले, प्रत्येक सांध्यात लगदा भरला आणि अंगठ्याने दाबून बोटाने वरून पुसून घेतला. लोणी, लसूण, मिरची, कोथिंबीर, चीज, सगळा मसाला वरून ओतला आणि चमच्याच्या पाठीने गिलावा केला. गुळगुळीत. मग खिशातला ओळंबा काढून साच्याच्या कडेला धरला.

भट्टीवाला हे सगळं डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत होता. तो मैद्याच्या पोत्यांमागे गेला. तिथून त्याचे खांदे हलताना दिसत होते, पण ओळंब्याचं तिकडे लक्ष नव्हतं.

पाव भट्टीत गेला आणि बेकरी लसणाच्या वासाने भरून गेली. रस्त्यावरची दोन माणसं दारात येऊन उगीच वेळ विचारून गेली. ओळंबा भट्टीच्या तोंडाशी असा येरझारा घालत होता, जशा सूनबाईच्या बाळंतपणात दवाखान्यात घातल्या होत्या. पाव बाहेर आला तेव्हा सव्वातीन झाले होते. पक्क्या विटेचा रंग, माथा सपाट, कडा काटकोनात. ओळंबा तो एका कडेने धरून उचलून बघू लागला. गोळाच काय, कण हलला नाही. त्याची छाती वीतभर फुगली.

"तोड की आता," भट्टीवाला म्हणाला.

ओळंब्याने एक गोळा धरून ओढला. मग दोन्ही हातांनी ओढला. मग भट्टीवाल्याने दुसरं टोक धरलं आणि दोघे म्हातारे बेकरीच्या मधोमध रस्सीखेच खेळल्यासारखे मागे झुकले. पाव तसाच.

"पाया चांगला आहे," भट्टीवाला धापा टाकत म्हणाला. "वर आणखी दोन मजले चढव आणि भाड्याने दे."

ओळंबा भट्टीवाल्याकडे वळला. "तू बघत होतास. बोलला का नाहीस?"

"वीस वर्षांपूर्वी बोललो होतो, पावाला डोळे नसतात म्हणून. ऐकलंस? आठवडाभर माझी भट्टी बंद होती." भट्टीवाल्याने कपाळ पुसलं आणि मग आवाज खाली आणला. "अरे बाबा, तू जन्मभर धरून ठेवायचं काम केलंस. इथे उलटं आहे. लोणी घालतात ते गोळ्याने गोळ्याला धरू नये म्हणूनच. एकमेकांना टेकून उभं राहायचं आणि कुणी हात लावला की सुटायचं."

ओळंब्याने पाव बाजूला ठेवला. मग त्याने घड्याळाकडे बघितलं, मग फडक्याखालच्या उरलेल्या गोळ्याकडे. तो आता ताटाबाहेर आला होता. दुप्पट का मळायला लावलं ते त्याला तेव्हा कळलं.

"हात धुऊन ये," भट्टीवाला म्हणाला. "नाही, नको धुऊस. लोण्यात घाल."

वेळ थोडा आणि लहान गोळे लवकर भाजतात, म्हणून ते आता सुपारीएवढे. भट्टीवाल्याने आपल्याकडचं लोणी, मसाला आणि चीज पुढे सरकवलं. ओळंब्याने बोटं पेरांपर्यंत लोण्यात बुडवली. आधी त्याच्या अंगावर काटा आला, मग मजा वाटायला लागली. मिरचीचे हिरवे कण, लसणाचे तुकडे, कोथिंबीर, प्रत्येक गोळा वेगळा माखून निघत होता. साच्यात ठेवताना मध्ये बोटभर फट. पण जित्याची खोड. दर दोन गोळ्यांनंतर त्याचा अंगठा आपोआप फट दाबायला जाई आणि भट्टीवाला लाकडी फावड्याने हातावर टकटक करी.

"अंगठा."

"हो, हो."

"अंगठा."

शेवटी ओळंब्याने अंगठा मुठीत दडवला आणि उरलेला पाव चार बोटांनी रचला. वाकडा रचला गेला. एक बाजू उंच, एक खाली. त्याने खिशाला हात लावला आणि मग हात काढून घेतला. गोळे अर्धा तास फुगून एकमेकांना टेकले, अर्धा तास भाजले, आणि पाच वाजून दहा मिनिटांनी ओळंबा गरम साचा फडक्यात गुंडाळून गल्लीतून पळत सुटला. त्याला पळताना गल्लीने कधी बघितलं नव्हतं. मावशीला काही झालं की काय, असं दोघांनी विचारलं. "व्हायचंय अजून," तो म्हणाला आणि पुढे गेला.

साडेपाचला सूनबाई मावशीला घेऊन आली. घरात माणसं, मधोमध खुर्ची, टेबलावर ताटाने झाकलेलं काहीतरी, आणि सूनबाई झटकन पुढे जाऊन स्वयंपाकघराच्या दारात फाटकासारखी उभी. मावशीला खुर्चीत बसवलं. ताट उचललं. वाफ वर आली आणि सगळ्यांच्या माना पुढे झुकल्या.

मावशीची नजर सवयीने टेबलावर फिरली.

"सुरी नाहीये," ओळंबा म्हणाला. "हाताने घे."

तिने एक गोळा धरला. जरासा ओढला. तो सुटून आला, मागे चीजची तार, मिरचीचा कण तिच्या घट्ट्यावर. तिने खाल्ला. डोळ्यांत तिखटाने पाणी आलं. कुणी काही विचारायच्या आत तिने दुसरा गोळा तोडला, मग म्हणाली, "कुठल्या बेकरीतून आणलात?"

"बाबांनीच केलाय," सूनबाई म्हणाली.

"काहीतरीच. वाकडा आहे की. म्हणजे यांनी केलेला नाही."

खोली हसली. "मीच केलाय वाकडा," ओळंबा म्हणाला आणि तिला अंगठा दाखवला, तो तेवढा कोरडा होता. मावशीने अंगठ्याकडे बघितलं, पावाकडे बघितलं, आणि तिसरा गोळा तोडून त्याच्या हातावर ठेवला.

मग अठरा हात पुढे आले. इकडून ओढ, तिकडून ओढ, बोटं चाटणं, "अगं, माझा होता तो." दहा मिनिटांत साच्यात चुरा उरला. आणि तेवढ्यात दारात वसतिगृहाच्या सहा मुली, न बोलावता आलेल्या. आमची मावशी आज जाणार आणि आम्ही यायचं नाही, म्हणजे काय?

मावशीचे दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर गेले. ओळंब्याने ते बघितलं. सूनबाईनेही बघितलं, ती दारात आणखी पसरून उभी राहिली.

"बसा गं मुलींनो," मावशी अर्धी उठत म्हणाली, "मी आलेच, काहीतरी—"

त्याच वेळी भट्टीवाला आत आला. गल्लीला दाखवून हसायचं म्हणून त्याने तो पहिला पाव पाटीत घालून आणला होता. टेबलावर ठेवला तेव्हा टेबल वाजलं. मावशीने त्याच्यावर बोटाच्या सांध्याने टकटक केलं, कडा चाचपली, काटकोन बघितला आणि इतकी हसली की परत खुर्चीत बसली.

"हा मात्र तुमचा," ती म्हणाली. आणि लगेच तिच्यातली स्वयंपाकीण जागी झाली. "याचे पातळ काप करून लोण्यावर भाजले तर कुरकुरीत होतील. सरका, मी—"

"बस," ओळंबा म्हणाला. त्याने सूनबाईचा एप्रन ओढून गळ्यात घातला. "तोंड तुझं, हात माझे. सांग."

मावशी क्षणभर घुटमळली. मग मागे टेकून बसली, चपला काढल्या आणि पाय वर घेतले.

"तवा तापवा आधी," ती खुर्चीतून म्हणाली. आत भांडं पडल्याचा आवाज आला. "तो नाही, मोठा. सुरी खालच्या खणात. मुलींनो, बघा गं, काय करतायत ते." मुली दारात जमल्या. आतून सुरी चालल्याचा आणि लोणी चुरचुरल्याचा आवाज येऊ लागला. मावशीने कान देऊन ऐकलं.

"अहो, काप सारखे येऊ द्या," तिने हाक दिली. "एक जरी वाकडा निघाला तर सगळे परत करायला लावीन."