जत्रा मोडतानाचं तिकीट

"आत्ता काडू नगंस गौरे, म्या सांगतो. शेवटच्या दिशी दारात जाऊन घिऊ."

"आण्णा, आज मोबाईलवर काडली तर स्वस्त पडायलीत. तुमी येणार त्या आठवड्यात ईदची सुट्टी हाय. मग मिळायची न्हायती."

"मला गर्दी सांगतीस व्हय? चाळीस साल झालं, गर्दीवरच तर जगायलोय."

दुबईतल्या लेकीनं हसून फोन ठेवला आणि इकडं जळकोटात आबारावनं बायकोकडं बघत मिशीवर हात फिरवला. लेकजावई तिथं नोकरीला. त्यांनी दोघांना आठ दिवस बोलावलं होतं. तिकडं म्हणे एक मोठ्ठी जत्रा बाराही महिने मांडलेली असते. पाळणे, झुले, पाण्यातल्या नावा. तिच्याच तिकिटांचं हे बोलणं.

आबाराव स्वतः पाळणेवाला. पौषात नळदुर्गचा खंडोबा, चैत्रात येरमाळ्याची येडाई, मधी गावोगावचे उरूस. टेम्पोत पाळणा भरायचा, उतरवायचा, जोडायचा, परत मोडायचा. ह्या धंद्यात एक गोष्ट त्याला पक्की ठाऊक होती. पहिल्या दिवशी तिकीट काढतो तो येडा. कुस्त्या झाल्या, माणसं पांगली, की पन्नासाचे तीस होतात, आणि बोल्ट ढिले करायच्या आधी पोरंसोरं फुकटात बसतात. रिकामं चाक फिरवायला कुठल्या पाळणेवाल्याला बरं वाटतं? मग तो दुबईचा असला म्हणून काय झालं!

हा सगळा घाट होता तो बायकोपायी, धुरपदाबाईपायी. चाळीस वर्षं ती पाळण्याच्या पायथ्याशी पत्र्याच्या खोक्यात बसून तिकिटं फाडत आलेली. लग्नाच्या साली एकदा वर बसली आणि उतरून भडाभडा ओकली. त्यानंतर फिरत्या चाकाकडं मान वर करून बघायची नाही. पण गौरीनं धाडलेल्या व्हिडिओत तिला एक नाव दिसली. डोंगराच्या पोटातनं, दिव्यांच्या मधनं, सावकाश जाणारी.

"ह्यात बसन मी," ती म्हणाली. "गाभण गाईवानी चालती बगा."

मग येईल त्या बाईला ती तो व्हिडिओ दाखवायची. एरवी लुगडं कुठल्या रंगाचं हवं हेसुद्धा तिनं कधी नवऱ्याला सांगितलं नव्हतं.

दुबईत सात दिवस समुद्र झाला, काचेच्या माड्या झाल्या. रोज सकाळी गौरी विचारायची, रोज आबाराव मान हलवायचा. जावई रणधीर एकदा भीतभीत म्हणाला, "मामा, काढून टाकू का आता?"

"पैसं लई झालेत का तुमास्नी?" म्हणून आबारावनं त्याला गप केलं.

आठव्या दिवशी सगळी त्या जत्रेला निघाली. दुसऱ्या दिवशी पहाटे विमान होतं. धुरपदाबाई नवं लुगडं नेसलेली, फडक्यात धपाटे बांधून घेतलेले. दाराशी पोचले तर माणूसच माणूस, आणि तिकिटाच्या खिडकीवर पाटी. रणधीरनं ती वाचली आणि खाली बघितलं. आजची तिकिटं संपली होती.

"संपत्यात कशी? जत्रंत तिकीट संपतंय व्हय?" आबारावला हे खरंच कळेना. जत्रेत आणखी एक माणूस कसाबसा कोंबता येतोच. तो रेटून खिडकीपाशी गेला.

"भाई, मैं भी इसीच धंदे का आदमी हूँ. एक बाई को बिठाना है. किदर भी कोने में बिठाव."

खिडकीतला पोरगा भला होता. "अंकल, मशीन में नंबर पूरा हो गया."

"तो हात से फाड के दे ना."

पोरग्यानं हात जोडले. मागचे लोक ओरडायला लागले. तेवढ्यात धुरपदाबाईनं येऊन बाही ओढली.

"चला. उन्हात कशाला हुबं ऱ्हाता? इथनंबी दिसतंय की."

कुंपणातनं नाव दिसत नव्हती. डोंगराचं टोक तेवढं दिसत होतं, तेही सिमेंटचं. ती रस्त्याच्या कडेला बसली आणि तिनं सगळ्यांना धपाटे वाटले. आबारावनं आपला धपाटा परत फडक्यात बांधला.

गावी आल्यावर तिसऱ्याच दिवशी त्यानं गौरीला फोन लावला. "पुढल्या सालाचं तिकीट आत्ताच काड."

"आण्णा, इतक्या आधी विकायलाच काडत न्हायती."

"मंग ज्या दिशी काडतील त्याच दिशी घे."

शेंगा फोडता फोडता धुरपदाबाई म्हणाली, "लौकर शाणं झाला!"

भादव्यात एका दुपारी तिच्या छातीत कळ आली. टेम्पोत घालून सोलापूरच्या दवाखान्याकडं निघाले. नळदुर्गच्या पुढं तिचा हात गार पडला. आबारावनं ड्रायव्हरला सांगितलं नाही. टेम्पो पळत राहिला.

यंदा चैत्रात गौरी सुट्टी काढून आली आणि येरमाळ्याला बापाजवळ जत्रेत येऊन बसली. आबाराव पाळण्याच्या आसाला ग्रीस भरत होता.

"आण्णा, तुमी दारात जाऊन घिऊ म्हणला, तवाच फोन ठिवल्यावर म्या तिकिटं काडलीच हुती," ती म्हणाली. "राती आईला सांगितलं, तर म्हणली, रद्द कर."

"कामून?"

"म्हणली, तुज्या आण्णास्नी ह्या धंद्यातलं कळतंय. जावयाफुडं त्यास्नी खोटं पाडू नगंस. मला नाव न्हाय मिळाली तरी चालंल."

आबारावनं बोटांवरचं ग्रीस विजारीला पुसलं. पुसून झालं तरी पुसतच राहिला.

"आता कशाला सांगितलंस मला?"

"मला एकटीला पेलंना, आण्णा."

चुन्याच्या रानात येडाईची पालखी पोचली होती. माणसं रिवाजाप्रमाणे चुनखडीचे खडे वेचून परत फिरली की इथं गर्दी होणार, आणि चाकाला अजून चार डोल्या लटकवायच्या राहिल्या होत्या. त्यानं हत्यारांची पिशवी लेकीच्या मांडीवर ठेवली, सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं आणि लोखंडी आडव्या दांड्यांवर पाय देत वर चढला.

"बावीसचा पाना दे," वरनं आवाज आला. "त्यो न्हवं, बावीसचा."