विहिरीत औषध टाकणारा माणूस

शिरपूरजवळच्या एका खेड्यात मी मास्तर होतो. पटकीची साथ आली, तेव्हा विहिरींत लाल औषध टाकायला एक सरकारी माणूस आला. त्याचं नाव मी विचारलंच नाही. औषधाने त्याची बोटं तपकिरी पडली होती आणि बोलताना तो मधेच डोळे मिटून घ्यायचा.

महारवाड्यात जाऊन तो तसाच परतला. तिथे विहीरच नव्हती. लोक नाल्यातल्या डबक्याचं पाणी पीत होते आणि सकाळीच दोघं दगावले होते.

"नाना, साथ आहे तोवर त्यांना इथलं पाणी भरू द्या," त्याने गावच्या विहिरीपाशी पाटलांना विनवलं.

"विहीर बाटी जाई, भाऊ."

तो वाद घालत बसला नाही. त्याने स्वतःच दोर धरला आणि संध्याकाळपर्यंत पाणी ओढून, लांब उभ्या असलेल्या बायकांच्या घागरी भरल्या. निघताना मला म्हणाला, "गुरुजी, माझी अजून सात गावं राहिलीत. उद्यापासून तुम्ही ओढाल?"

मी हो म्हणालो. दोन दिवस ओढलंही. तिसऱ्या दिवशी पाटील विहिरीसमोरच्या पारावर येऊन नुसते बघत बसले, आणि मी दोर ठेवून शाळेत गेलो.

बायका दुपारपर्यंत तिथेच उभ्या होत्या. वर्गाच्या खिडकीतून मला दिसत होत्या.