अर्धा रोडगा

बातमी आली तेव्हा मी बुलढाण्याच्या कोर्टात एका साक्षीदाराची उलटतपासणी घेत होतो. खिशातला फोन थरथरत होता आणि मी नेहमीप्रमाणे त्याच्याकडे दुर्लक्ष करीत होतो. बाहेर येऊन पाहिलं तर नामदेवरावांचा, म्हणजे वत्सलाताईंच्या दिरांचा फोन. उलट लावला. ते एवढंच म्हणाले, "वकीलसाहेब, वहिनी गेल्या." वकिलांच्या खोलीत येऊन बसलो. चहावाल्याने न सांगता कप आणून ठेवला, तो तसाच निवून गेला. दुपारच्या दोन कामांना मी तारीख मागून घेतली. आयुष्यभर ज्या बाईने मला तारीख मागू दिली नाही, तिच्यासाठी मी तारीख मागत होतो, हे लक्षात आल्यावर डोळे भरून आले.

वत्सलाताई आमच्या माजी आमदार. त्याआधी देऊळघाटच्या शाळेत मुख्याध्यापिका. गेल्यावर वर्तमानपत्रांनी त्यांना 'अभ्यासू लोकप्रतिनिधी' म्हटलं आणि आरोग्य-शिक्षणावर त्यांनी मांडलेल्या विधेयकांची नावं छापली. ती विधेयकं खासगी होती, अशासकीय, हे मात्र फारसं कोणी लिहिलं नाही. सरकारचं विधेयक सरकार पास करतं. एकट्यादुकट्या सदस्याच्या विधेयकाला शुक्रवारचा उरलासुरला वेळ मिळतो. सदस्य तळमळीने बोलतो, मंत्री उठून सांगतात की शासन सकारात्मक आहे, सन्माननीय सदस्यांनी विधेयक मागे घ्यावं. सदस्य मागे घेतो आणि सगळे गावी जायच्या गाड्या पकडतात. ताईंच्या प्रत्येक विधेयकाचं हेच झालं. त्या सगळ्यांचे मसुदे माझ्या हातचे, त्यामुळे दर वेळी ठेच त्यांच्याआधी मला लागायची.

मसुदा लिहायची त्यांची पद्धत ऐकाल तर हसाल. मी बुलढाण्यात बसून कलम, पोटकलम, परंतुक असं सगळं बांधेसूद करून न्यायचो. ताई ते घेऊन आपल्या घराच्या ओट्यावर बसायच्या. समोर शेजारपाजारच्या बाया, कोणी शेंगा फोडतंय, कोणाच्या मांडीवर पोर. ताई खणखणीत आवाजात विधेयक वाचायच्या आणि ज्या वाक्याला कोणी जांभई दिली ते वाक्य पेन्सिलीने खोडायच्या. माझ्या डोळ्यांदेखत! पहिल्या वेळी मी चिडून म्हणालो की हा कायदा आहे, कीर्तन नाही. त्यावर त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "वकीलसाहेब, तुमच्या या परंतुकातून वाट काढत बाई दवाखान्यात कवा पोचन?" बाया खो खो हसल्या. मी रागाने चहा न घेता निघालो आणि एसटीत बसल्या बसल्या ते परंतुक पुन्हा वाचलं. खरंच जांभई आली.

आज माझे अर्ज, माझ्या नोटिसा पक्षकाराला वाचल्या वाचल्या कळतात, आणि तरुण वकील मला विचारतात की सर, हे कुठे शिकलात. मी सांगतो, देऊळघाटच्या ओट्यावर. त्यांना ती थट्टा वाटते.

एक विधेयक शिक्षकांचं होतं. परीक्षेच्या दिवसांत मास्तरांना वर्गातून उठवून दुसऱ्या सरकारी कामाला जुंपू नये, एवढीच मागणी. मंत्र्यांनी तोंड भरून कौतुक केलं, परिपत्रक निघालं, विधेयक मागे गेलं. पुढच्याच वर्षी ऐन परीक्षेत मास्तर गावात घरोघर फिरून शौचालयं मोजताना दिसले. मी ते वर्तमानपत्र नाचवत ताईंकडे गेलो. ताई परिपत्रकाची प्रत पिशवीत टाकून तडक जिल्ह्याच्या शिक्षण कार्यालयात गेल्या आणि साहेबांच्या समोर बसून ती त्यांच्याकडूनच मोठ्याने वाचून घेतली, वर्गात पोराला उभं करून धडा वाचायला लावावा तशी. चार दिवसांत मास्तर वर्गात परतले. तेव्हा मला कळलं की मंत्र्यांचं आश्वासन इतरांसाठी शेवट असतो, ताईंसाठी ती सुरुवात होती.

पण त्यांचा जीव अडकला होता तो एकाच विधेयकात. सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोदच्याही पलीकडे अशी गावं आहेत की बाळंतपणाच्या वेळी तिथून दवाखाना गाठणं म्हणजे दैवावर सोडलेली गोष्ट. ताईंचं म्हणणं, अशा बाईने दिवस भरत आले की आधीच येऊन राहावं. त्यासाठी प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाच्या आवारात खोली असावी, सोबत आई किंवा सासूला जागा असावी, बाहेर चूल असावी, आणि हे कोणाच्या मेहेरबानीने नव्हे, कायद्याने मिळावं. ताईंची धाकटी बहीण शकू तिकडेच दिलेली होती. पहिल्या बाळंतपणात, जीपमध्ये, दवाखान्याचा दिवा दिसत असताना ती गेली. हे मला नामदेवरावांकडून कळलं. मी वकील माणूस. ताईंना म्हणालो, भाषणात शकूबद्दल सांगा, सभागृह हलून जाईल. ताई म्हणाल्या, "माही बहीण मेली म्हणून कायदा मांगू काय? मंग जिची बहीण आमदार नाई, तिनं काय करावं?" नंतर हा विषय मी कधी काढला नाही.

हे विधेयक पास झालं तर मारोतीला रोडगे, असा नवस ताईंनी बोलला होता. आमच्या वऱ्हाडात नवस फिटला की रोडगे होतात. कणकेचे थरांचे गोळे गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यांत, भाजायचे, राख झटकून तुपात चुरायचे, सोबत वरण आणि वांग्याची भाजी. नागपूरच्या अधिवेशनात विधेयक मांडायचं ठरलं तेव्हा नामदेवराव प्रेक्षकांच्या सज्जात जाऊन बसले. अध्यक्षांनी विचारलं, अनुमती द्यावी अशा मताचे असतील त्यांनी 'होय' म्हणावं. सभागृह 'होय' म्हणालं. ती फक्त विधेयक मांडायची अनुमती होती, खरी लढाई पुढच्या अधिवेशनात. पण नामदेवरावांनी आयुष्यात इतकी माणसं एका सुरात 'होय' म्हणताना पाहिली नव्हती. ते धावत बाहेर आले आणि त्यांनी गावात फोन लावला की झालं, पास झालं, पेटवा गोवऱ्या!

दुसऱ्या दिवशी मी आणि ताई देऊळघाटला पोचलो तर मारोतीच्या पारापाशी धूर. घरोघरची कणीक गोळा झालेली, पंगत बसलेली, अर्धं गाव जेवूनही उठलेलं. कोणी ताईंच्या कपाळाला गुलाल लावत होतं. मी कायदा समजावून सांगायला तोंड उघडलं, तर ताईंनी माझा हात दाबला. पदर खोचला, तुपाचं भांडं उचललं आणि शेवटच्या माणसापर्यंत पंगत वाढली. सगळे उठल्यावर, रातोरात गावी परतलेल्या नामदेवरावांना खरं काय ते सांगितलं. ते बिचारे चुलीपाशी मटकन बसले, म्हणाले, वहिनी, देवाचं आधीच खाल्लं आपण. ताई म्हणाल्या, "खाल्लं तं खाल्लं. आता फेडा लागन. मी मात्र फिटल्यावरच खाईन." त्या दिवशी त्या घरी जाऊन वरणभात जेवल्या.

आणि तेव्हापासून त्यांनी रोडगा तोंडात घातला नाही. वऱ्हाडात हे किती अवघड आहे हे बाहेरच्याला कळायचं नाही. आमदाराला दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या मारोतीचं, म्हसोबाचं आवतण. ताई जायच्या, पंगतीत बसायच्या, पानातलं वरण-भाजी खायच्या आणि रोडगा अलगद बाजूला करायच्या. लोक बोलायला लागले की बाई मुंबईची झाली, तिला आता राखेतलं चालत नाही. खरं कारण मला आणि नामदेवरावांनाच ठाऊक. मी एकदा म्हणालो, सांगून टाका ना लोकांना. त्या म्हणाल्या की नवसाची जाहिरात केली तर तो प्रचार होतो.

पुढच्या अधिवेशनात मंत्र्यांनी आश्वासन दिलं आणि ताईंनी तेही विधेयक मागे घेतलं. मी महिनाभर त्यांच्याशी धड बोललो नाही. त्या मात्र मंत्रालयाच्या पायऱ्या चढत राहिल्या. शेवटी शासन निर्णय निघाला, पायथ्याच्या एका रुग्णालयात पहिली खोली उभी राहिली. त्यावर ताईंचं नाव कुठे नाही. ते गाव त्यांच्या मतदारसंघातही नव्हतं. निवडणुकीत विरोधकांनी नेमकं तेच धरलं, की आपल्या गावचे रस्ते सोडून बाई परमुलखात खोल्या बांधत बसली. ताई पडल्या. निकालाच्या संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर मोजकीच माणसं होती आणि सगळ्यात शांत त्याच होत्या.

हरल्यानंतरच्या हिवाळ्यात आम्ही दोघं ती खोली बघायला गेलो. भिंतीला ओळीने खाटा, दोरीवर लुगडी, बाहेर पत्र्याखाली चुली. दोन दिवसांपूर्वी एका पोरीची सुखरूप सुटका झाली होती आणि तिच्या आजीने, म्हणजे आईच्या आईने, तिथेच आवारात रोडगे लावले होते. म्हातारीला ताई कोण हे माहीत नव्हतं. पाहुणे आले म्हणून तिने दोन पानं मांडली. ताईंनी सवयीने रोडगा बाजूला केला तशी म्हातारी समोर येऊन बसली. "काऊन वं बाई, नात जगली म्हणून केले. खात नाई काय?" ताईंनी कायद्याच्या नवसाचं थोडक्यात सांगितलं. म्हातारीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "कायदा कोनं पाह्यला? माही नात तं दिसते. ते पाय, पोराले पाजून राह्यली."

ताईंनी खोलीच्या दाराकडे पाहिलं. उन्हात एक सतरा-अठरा वर्षांची पोर पाठमोरी बसली होती. किती तरी वेळ त्या बघत राहिल्या. मला वाटतं, त्यांना शकू दिसत असावी. मग त्यांनी रोडगा मोडला. अर्धा तुपात चुरला आणि सावकाश, एकेक घास करून खाल्ला. उरलेला अर्धा माझ्या पानात ठेवून म्हणाल्या, "खोलीपुरता फिटला. कायद्याचा राह्यला. सरकारचा एक कागद दुसऱ्या कागदानं उडते, वकीलसाहेब. हा अर्धा तुमच्याकडं. खाऊ नका." मी तो रुमालात बांधून बुलढाण्याला आणला. आठ दिवसांत दगड झाला, बायकोने गाईला घातला. वस्तू गेली, अट राहिली.

शेवटचं भेटलो तेव्हा त्या खाटेवर होत्या. आवाज पार बसलेला. मी इकडचं तिकडचं बोलत होतो, कोर्टाचं, पावसाचं. त्यांनी खूण करून जवळ बोलावलं आणि विचारलं, "अर्ध्याचं काय?" मी म्हणालो, माझ्याकडे आहे. त्यांनी डोळे मिटले आणि माझ्या हातावर थोपटलं. बस. कोणी आपल्यावर एवढा विश्वास टाकून जावं, याहून मोठी फी मला कोणी दिलेली नाही.

त्यांना जाऊन आता दीड महिना झाला. मसुदा मी पुन्हा बाहेर काढला आहे. एका तरुण आमदाराने तो मांडायचं कबूल केलंय. गेल्या रविवारी देऊळघाटला त्याच ओट्यावर बसून मी तो वाचला, समोर त्याच बाया, शेंगा फोडत. तिसऱ्या कलमाला एकीने जांभई दिली. मी निमूट पेन्सिल काढली.

तिथून उठलो तर पारावर कोणाच्या तरी नवसाची पंगत बसली होती, ओढूनच नेलं मला. वाढणाऱ्याने गरम रोडगा पानात ठेवला, वर तुपाची धार सोडली. मी तो अलगद बाजूला केला आणि वरणात बोटं घातली. वाढणारा थबकला. म्हणाला, "काऊन साहेब, तुमाले रोडगा चालत नाई काय?"

"चालतो," मी म्हणालो. "पण अजून नाही."

पलीकडे नामदेवराव वरणाचं भांडं घेऊन उभे होते. त्यांनी माझ्या पानात वरण तेवढं आणखी वाढलं.