हत्ती येऊन रायला

धोतर गुडघ्यापर्यंत वर, डावा पाय तलावात, डावा डोळा मिटलेला आणि तोंड ढगांकडे. एवढं झालं की आबाजी जाहीर करत, "येऊन रायला!" जणू जावईच केशोरीच्या बसमध्ये बसून निघालाय.

तर मंडळी, येणारा म्हणजे पाऊस. आबाजी आमच्या गावचे पाणकर. मालगुजारांच्या काळातल्या जुन्या तलावाचं पाणी कोणाच्या धानाला कधी सोडायचं, हे ते ठरवत. नियम एकच: सर्वांत लांबच्या बांधीला, म्हणजे धानाच्या शेताला, आधी. त्यांची स्वतःची बांधी तलावाच्या मातीच्या पाळीला खेटून, म्हणून तिचा नंबर शेवटी. बायको भडकायची.

"काऊन जी, घरचा धान सुकून रायला अन् तुमी गावाले पाजून रायले?"

"आपल्या धानाले तलाव दिसते ना," आबाजी म्हणत. "दूरच्याले धीर कोन देईल?"

तलाव रिकामा करायला ते भीत नसत. शेवटी हस्त नक्षत्राचा पाऊस यायचाच. त्याला आमच्याकडे हत्ती म्हणतात. "सोडा बिनधास्त. हत्ती येऊन रायला!"

एका वर्षी धान लोंबीवर असताना पावसाने दडी मारली. आबाजींनी तलाव तळापर्यंत सोडला. आणि हत्ती आलाच नाही. आधी आबाजींची बांधी वाळली, मग बाकीच्यांच्या. त्यांना कोणी एका शब्दाने बोललं नाही.

बोललो मी. दिवसा शाळेत गुरुजी असलो तरी दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत, दंडारीच्या खेळात सोंग माझंच. धोतर नेसलो, बादलीत पाय घातला, डोळा मिटला. "हत्ती येऊन रायला!" आणि मागून कागदाची सोंड लावलेला उंदीर आणला. लोक हसून लोळले. पहिल्या रांगेत आबाजीही हसले. सगळे थांबले तरी हसत राहिले.

पुढच्या वर्षी तलाव काठोकाठ भरला, आणि मग पाऊस गडप. बांध्यांना भेगा पडल्या. लोक पाळीवर जमले.

"सोडा ना, आबाजी."

आबाजींनी पाण्यात पाय घातलाच नाही. माझ्याकडे बघितलं. "गुर्जी, तुमच्या मोबाइलमधी काय म्हनते?"

मोबाइल म्हणत होता, पाऊस नाही.

"मंग राहू द्या. थांबा."

आठवडाभर थांबलो. भरल्या तलावाखाली दूरच्या बांध्या करपल्या. मग महिन्याभराचा पाऊस एका दुपारी कोसळला. तलावात त्याला जागाच नव्हती. पाळ फुटली, आणि जपून ठेवलेलं सगळं पाणी त्याच करपलेल्या धानावरून निघून गेलं.

आबाजी बोदलकस्याला लेकीकडे गेले ते परत आले नाहीत. तिथेच वारले. त्याच्या आठवडाभर आधी मी भेटायला गेलो होतो. दारात खाट टाकलेली, समोर जलाशय, वर आभाळ गच्च. मी लाडात येऊन विचारलं, "काय आबाजी, येऊन रायला का?"

ते माझ्याकडे बघत राहिले. राग अजिबात नव्हता.

"तुमीच करून दाखवा ना, गुर्जी. तुमाले चांगलं जमते."

खाटेजवळ पाण्याची बादली होती. मी पँट वर केली, डावा पाय आत घातला, डावा डोळा मिटला. आबाजी वाट बघत होते. लेक तोंडाला पदर लावून उभी होती.

मी एवढा तोंडाळ माणूस. दोनच शब्द म्हणायचे होते. निघाले नाहीत.