एलिकुट्टीचं ‘जाऊन येते’

केरळातल्या कोट्टायमकडची एलिकुट्टी कुठूनही निघताना ‘जाते’ म्हणायची नाही. लहानपणी शाळेला निघताना एकदा तोंडातून गेलं, तर आईने वेणीला धरून तिला उंबऱ्याच्या आत आणलं आणि ‘जाऊन येते’ म्हणवून घेतलं. मराठी माणसाला यातलं काही वेगळं समजवायला नको. पुढे नर्स होऊन येमेनला निघाली तेव्हाही ती ‘जाऊन येते’च म्हणाली आणि वीसेक वर्षं तिकडेच राहिली. लग्न राहून गेलं, भावाचं घर मात्र तिच्या पगारावर उभं राहिलं. याची तिने कधी टिमकी वाजवली नाही. भावाने तर नाहीच नाही.

सना शहरातल्या एका लहानशा दवाखान्यात ती डायलिसिस सांभाळायची. शब्द अरबी, पण बोलणं सगळं मल्याळी वळणाचं. मशीन बघणारा नबील म्हणायचा, “सिस्टर, तुमचं अरबी ऐकलं की खोबरेल तेलाचा वास येतो.”

तिची जुनी पेशंट अर्वा. विधवा बाई, अतिशय सोशीक. सुई दोनदा टोचावी लागली तरी “तुझे हात सलामत राहोत” एवढंच म्हणणार.

मग लढाई पेटली, वरून बॉम्ब पडायला लागले. भारतीय नौदलाचं जहाज होदेदा बंदरात येतंय, सकाळी बस निघेल, असा दूतावासाचा निरोप आला. दवाखान्यातल्या नर्सेस सगळ्या केरळच्या, त्यामुळे डायलिसिस बंदच पडणार होतं. नबीलने पेशंटना सांगून टाकलं, “इब्ब शहरात जा, तिथलं मशीन चालू आहे.” इब्बला अर्वाचा भाऊच होता. एलिकुट्टीने त्या संध्याकाळी तिला शेवटचं मशीनवर घेतलं. निघताना अर्वाने विचारलं, “चाललीस?”

“जाऊन येते,” एलिकुट्टी अरबीत म्हणाली. जीभ आपसूक वळली. अर्वाने मान डोलावली आणि ओढणी सारखी केली.

होदेदाला खोल पाण्यात उभ्या जहाजापर्यंत छोट्या होडीतून जायचं होतं. समुद्र खवळलेला. शिडीवरून एक मल्याळी नौसैनिक ओरडला, “अम्मच्ची, हात द्या!”

“अम्मच्ची तुझी आजी! मला चेची म्हण, ताई,” एलिकुट्टी म्हणाली आणि त्याच्या हाताला लोंबकळत वर गेली. मागून येणारी जिन्सी, सगळ्यात लहान नर्स, बस सुटल्यापासून रडत होती, ती फिसकन हसली. जहाजावर पुऱ्या आणि अतिगोड चहा मिळाला. जहाज जिबुतीला लागलं, तिथून हवाई दलाच्या विमानाने सगळ्या कोचीला उतरल्या.

घरी शेजारीपाजारी तिला बघायला येऊ लागले. कोणी विचारलं, बॉम्ब जवळून पाहिलास का? कोणी विचारलं, आता पुढे काय? तिला दोन्ही प्रश्नांचा कंटाळा आला होता. तेवढ्यात नबीलचा फोन आला.

“सिस्टर, कधी येताय?”

“कोण म्हणालं मी येतेय?”

“अर्वा. बाकीचे सगळे इब्बला गेले, ही रोज येऊन बंद दाराशी बसते. भाऊ न्यायला आला होता, त्यालाही परत पाठवलं. म्हणते, ती जाऊन येते म्हणालीय, ती खोटं बोलायची नाही. पाय सुजलेत तिचे, दम लागतोय.”

“अरे, ते नुसतं म्हणायचं असतं!”

“म्हणायचं असतं म्हणजे?”

तिला स्वतःचा भयंकर राग आला. ती म्हणाली, “फोन दे तिला.”

“कुठवर आलीस?” अर्वाने धापा टाकत विचारलं.

एलिकुट्टी उंबऱ्यात उभी होती. आतमध्ये आई शेंगा सोलत होती. आईला अरबी येत नाही, हे माहीत असूनही तिने आवाज खाली आणला. “अर्वा, मी गेले.”

“काय?”

“गेले मी. परत येणार नाही. भावाला बोलाव आणि इब्बला जा. आजच्या आज जा.”

पलीकडून फोन बंद झाला.

दुसरा दिवस तिने घरभर फिरून काढला. चर्चला चल म्हटलं तर गेली नाही, ताटावर बसली ती तशीच उठली. ऊन कलल्यावर नबीलचा फोन आला.

“भाऊ घेऊन गेला तिला. पोचल्या पोचल्या मशीनवर घेतलं म्हणे.” तो जरा घुटमळला. “गाडीत बसेपर्यंत तुम्हाला शिव्या घालत होती, सिस्टर.”

“अर्वा? शिव्या?”

“हो, आणि साध्यासुध्या नाहीत.”

“कोणत्या?”

नबीलने एक सांगितली आणि लाजला.

“अजून सांग,” म्हणून एलिकुट्टी पायरीवर बसली, आणि एकही गाळू न देता तिने त्या सगळ्या ऐकून घेतल्या.